ख्रिस्ताचा क्रूस आणि तारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपवासकाळ जवळ आला की हे प्रश्न ठरल्यासारखे येतात. काही वसईच्या कॅथलिक घरांतून, काही अहिल्यानगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतून, काही शहरांतल्या नव्या पेंटेकॉस्टल सहभागितांतून, आणि बरेचसे हिंदू मित्रमैत्रिणींकडून. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे क्रूसाकडे तटस्थपणे पाहणं मला शक्य नाही. तरीही जी मतं मला पटत नाहीत, तीही ती मानणाऱ्यांना ओळखीची वाटतील अशीच मांडायची, एवढं पथ्य पाळलं आहे.

"येशू आमच्या पापांसाठी मरण पावला" हे तर सगळेच ख्रिस्ती मानतात. मग मतभेद कशावर?

त्या मरणाने आपलं तारण *कसं* होतं, यावर. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे जो विश्वासांगिकार घडला, त्यात ख्रिस्त आपल्यासाठी आणि आपल्या तारणासाठी खाली आला, पंतय पिलाताच्या वेळी आपल्यासाठी क्रूसावर खिळला गेला, एवढंच म्हटलं आहे. ख्रिस्त कोण, हे ठरवताना त्या पिढ्यांनी एकेक शब्द तोलून घेतला. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत ख्रिस्ताच्या देवपणाचं आणि माणूसपणाचं नातं शब्दांत बांधलं गेलं. क्रूसाचा परिणाम कसा घडतो, याची व्याख्या मात्र साऱ्या ख्रिस्ती जगाने मिळून कधीच केली नाही. ही बाब फार थोड्या मंडळ्यांत सांगितली जाते. आपल्या पंथाचं स्पष्टीकरण तेवढं शुभवर्तमान आणि बाकीची पाखंडं, असं लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ती आधी अस्वस्थ करते. माझ्या मते ती दिलासा देणारी आहे.

त्या काळच्या माणसाला क्रूस म्हणजे काय वाटत असेल?

सरकारी दहशत. ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांना, बंडखोरांना आणि परक्यांना दिली जाई. रोमी नागरिक सहसा तिच्यातून सुटत. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर सुमारे ६,००० कैद्यांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने खांबांवर टांगलं होतं. मरण रस्त्यावर, उघड्यावर आणि सावकाश यायचं, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणूनच. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमी अधिकारी होता. त्याच्या हुकुमाने नासरेथच्या येशूला हीच शिक्षा झाली. वधस्तंभाचा संदेश लोकांना मूर्खपणा वाटतो, असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, ते या पार्श्वभूमीवर वाचावं. गळ्यातल्या सोन्याच्या क्रूसाने ही धग आपल्याला विसरायला लावली आहे.

बायबलमध्येच एक सरळ उत्तर का नाही?

बायबल उत्तरं देतं, पण ती चित्रांतून. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव अनेकांसाठी खंडणी म्हणून देतो. ते गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्याचं चित्र. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात न्यायालय आणि मंदिर एकाच वेळी दिसतात. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्त स्वतःचं रक्त घेऊन पवित्रस्थानात जाणारा महायाजक आहे. कलस्सै २:१५ मध्ये सेनापतीने शत्रूला निःशस्त्र करून मिरवणुकीत फिरवावं तसे सत्ताधारी आणि अधिकारी उघडे पडतात. दुसऱ्या करिंथकरांच्या पाचव्या अध्यायात तुटलेलं नातं जुळतं, आणि तिथे जुळवणारा देव आहे, समजूत घालायची आहे ती आपली.

एक गोष्ट माझ्या मनात वारंवार येते. आपल्या मरणाचा अर्थ शिष्यांना सांगायला येशूने यहुद्यांचा पापक्षमेचा सण, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस निवडला नाही, वल्हांडण सण निवडला. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा सण. अर्थात त्या रात्रीच्या प्याल्यावर पापांच्या क्षमेचेही शब्द आहेत, निदान मत्तयाने ते दिले आहेत. म्हणजे सुटका आणि क्षमा एकाच भोजनात आली, आणि पुढे मंडळ्यांनी त्यांतलं एकेक वाटून घेतलं.

मराठी वाचकांना हे नवं वाटू नये. थॉमस स्टीफन्स हे येशूसंघी धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांना तारण समजावताना त्यांनी सिद्धांत मांडत बसण्याऐवजी ओव्यांतून कथा सांगितली: सृष्टी, आदामाचं पतन, संदेष्ट्यांची वाट पाहणं, मग ख्रिस्ताचा जन्म, दुःखभोग आणि पुनरुत्थान. सिद्धांत कथेच्या मागून येतो, हा क्रम मला योग्य वाटतो.

सुरुवातीच्या शतकांत असं मानत होते का, की देवाने सैतानाला खंडणी दिली?

काही जण मानत होते. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनच्या लेखनात ही कल्पना आहे. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने ती रंगवली: माणूसपणाचं आमिष, आत दडलेल्या देवपणाचा गळ, आणि तो गिळून फसलेला सैतान. पण त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने यावर कडक हरकत घेतली. लुटारूला खंडणी, तीही देवाची? आणि पित्याला द्यायची म्हणावं, तर पित्याने आपल्याला कैदेत ठेवलं होतं कुठे? दोन्ही उत्तरं त्याने नाकारली.

तेव्हा 'पहिल्या हजार वर्षांत सगळे खंडणी मानत' हे विधान फार ढोबळ आहे. त्या आधीच, दुसऱ्या शतकात, लिऑनच्या इरेनियसने वेगळी वाट दाखवली होती. आदाम जिथे जिथे चुकला, तिथे तिथे ख्रिस्त पुन्हा चालतो आणि आज्ञापालनाने ती वाट सरळ करतो. बालपण, तारुण्य, मोह, झाडाशी आलेला संबंध, मरण, सगळं. इथे तारण केवळ शुक्रवारच्या काही तासांत घडत नाही, ख्रिस्ताचं सबंध जीवन तारक ठरतं. अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने, एका छोट्या ग्रंथात, यात भर घातली: माणूस नाशाकडे घसरत होता, जीवन देणाऱ्याने स्वतः देह धारण करून मरणात पाऊल टाकलं आणि मरणाला आतून पोखरलं.

या साऱ्यांत सामायिक सूर विजयाचा आहे. स्वीडनचे गुस्ताफ औलेन यांनी १९३० च्या सुमारास हा सूर पश्चिमेकडच्या मंडळ्यांच्या पुन्हा लक्षात आणून दिला.

अन्सेल्म कोण, आणि सगळे त्याला दोष का देतात?

अन्सेल्म (१०३३–११०९) हा कँटरबरीचा आर्चबिशप. राजाशी बिनसल्यामुळे देशाबाहेर असताना, १०९८ मध्ये, त्याने 'देव माणूस का झाला' हा संवादग्रंथ पुरा केला. त्याचा युक्तिवाद असा: पाप म्हणजे देवाला देय असलेला मान न देणं. त्यामुळे सृष्टीची घडीच विसकटते. हे ऋण माणसाचं आहे, म्हणून ते माणसानेच फेडायला हवं. पण माणसाकडे जे काही आहे ते आधीच देवाचं, जास्तीचं देणार काय? फेडण्याची ऐपत एकट्या देवाची. म्हणून देव-माणूस.

टीकाकार म्हणतात की अन्सेल्मचा देव सरंजामी जमीनदारासारखा मानापमानात अडकलेला आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. देवाच्या मानाला कोणी धक्का लावू शकत नाही, हे तो स्वतःच सांगतो. आणि त्याच्याकडे भरपाई *किंवा* शिक्षा असा पर्याय आहे. ख्रिस्त भरपाई करतो, म्हणून शिक्षेची वेळ येत नाही. ख्रिस्ताने आपली शिक्षा भोगली, हे त्याचं म्हणणं नव्हे. ते पुढच्या काळातलं.

कॅथलिक शिकवण मोठ्या प्रमाणात अन्सेल्मवरून पुढे गेली, पण त्याच्यापाशी थांबली नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ख्रिस्ताचं दुःखसहन पुण्य, भरपाई, बलिदान, सुटका अशा अनेक अंगांनी तारक ठरतं असं एकाच ठिकाणी मांडलं. एकच स्पष्टीकरण निवडायची सक्ती त्याला जाणवली नाही.

"रागावलेल्या बापाने निष्पाप मुलाला मारून राग शांत केला." क्रूसाची शिकवण हीच ना? मला ती भयंकर वाटते.

अशी मांडली तर भयंकरच आहे, आणि तुम्हाला तसं वाटतं हे तुमच्या विवेकाचं लक्षण आहे. पण ज्या शिकवणीचं हे विकृत रूप आहे ती आधी नीट पाहू.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी, विशेषतः कायद्याचं शिक्षण घेतलेल्या जॉन कॅल्विनने, क्रूसाकडे न्यायालयाच्या भाषेत पाहिलं. आपण दोषी, शिक्षा आपल्याला व्हायची, ती ख्रिस्ताने आपल्या जागी उभं राहून सोसली. यशया ५३ मधला, आमच्या अपराधांमुळे घायाळ झालेला सेवक हा या मांडणीचा कणा. आज जगभरातल्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक उपदेशांत, हीच शिकवण मुख्य आहे. तिने असंख्य माणसांना शांती दिली आहे. स्वतःच्या अपराधाच्या ओझ्याखाली पिचलेल्या माणसाला 'देवाने बघून न बघितल्यासारखं केलं' हे ऐकून झोप लागत नाही. 'तुझा निवाडा झाला, आणि तो दुसऱ्याने स्वतःवर घेतला' हे ऐकून लागते. तुरुंगात सेवा करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता विकृती कुठे शिरते ते पाहू. पहिली: पिता कठोर आणि पुत्र कनवाळू, अशी दोन मनं कल्पिली की त्रैक्याची शिकवणच मोडते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची इच्छा एकच आहे. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की आपला जीव तो स्वतः होऊन देतो, कोणी हिरावून घेत नाही. दुसरी: क्रूसामुळे देव आपल्यावर प्रेम करू लागला, असं समजणं. खुद्द कॅल्विन ऑगस्टीनचा आधार घेऊन उलट सांगतो: देव आपल्यावर आधीपासून प्रेम करत होता, म्हणूनच समेटाची वाट त्याने काढली. तिसरी विकृती उपदेशकांची आहे. गुड फ्रायडेला खिळे, काटे आणि रक्त यांचं तासभर वर्णन करून मुलांना रडवायचं, आणि शेवटी 'हे तुझ्यामुळे झालं' असं सांगायचं. शुभवर्तमानांनी हे केलेलं नाही. चौघांनीही खिळण्याचा क्षण जेमतेम एका वाक्यात सांगितला आहे.

माझं स्वतःचं मत: ख्रिस्त आपल्या जागी उभा राहिला, हे नव्या करारातून काढून टाकता येत नाही. पण ते एकमेव चित्र केलं, तर पुनरुत्थानाला काम उरत नाही. ज्या शिकवणीत ईस्टर हे केवळ पावतीवरच्या शिक्क्यासारखं शेवटी येतं, ती अपुरी आहे.

ज्याचं कर्म त्यानेच भोगायचं, हे आम्ही मानतो. एकाचं पाप दुसरा कसा फेडेल?

हा प्रश्न ख्रिस्ती जगातही जुना आहे. सोळाव्या शतकात फाउस्तो सोझ्झिनीने तो विचारला: क्षमा केली असेल तर फेड कशाला, आणि फेड घेतली असेल तर क्षमा कसली? १७९३ मध्ये इमान्युएल कांटने म्हटलं की नैतिक दोष हे पैशांच्या कर्जासारखं नाही. कर्ज दुसरा फेडू शकतो, दोष हा ज्याचा त्याचाच असतो. ह्यूगो ग्रोशियसने १६१७ मध्ये सोझ्झिनीला उत्तर देताना म्हटलं होतं की देव इथे सावकार नाही, राज्यकर्ता आहे. न्यायाचं गांभीर्य जगाला कळावं आणि तरीही क्षमा करता यावी, यासाठी क्रूस.

मला याहून खोल उत्तर पौलाकडे सापडतं. तो वारंवार 'ख्रिस्तामध्ये' असं म्हणतो. बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर मेलो, पुरले गेलो, नव्या जीवनात उठलो, असं रोमकरांस सहाव्या अध्यायात आहे. म्हणजे दूरच्या कोणा तिऱ्हाइताने आपला हिशेब चुकता केला असं ते नातं नाही. तो आपल्यात आला, आपल्याला स्वतःत घेतलं, आणि जे त्याचं घडलं ते आपलं झालं. या एकरूपतेशिवाय 'आपल्या जागी' ही भाषा मलाही अन्यायाचीच वाटेल.

आणि कर्मविचारातला जो आग्रह आहे, की केल्याचे परिणाम खोटे नसतात, तो ख्रिस्ती धर्मही सोडत नाही. क्षमा झालेल्या चोराने चोरलेलं परत करायचंच असतं. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं.

क्रूस म्हणजे देवाच्या प्रेमाचं उदाहरण, एवढं म्हटलं तर चालणार नाही का?

या विचाराशी पीटर अबेलार्ड (१०७९–११४२) याचं नाव जोडलं जातं. पॅरिसचा नाणावलेला शिक्षक. रोमकरांस पत्रावरच्या भाष्यात त्याने विचारलं, निष्पापाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे क्रूर नाही का? त्याचं उत्तर: ख्रिस्ताच्या मरणात देवाचं प्रेम असं उघड होतं की आपल्या मनात उलट प्रेम पेटतं, आणि भीतीने नव्हे तर प्रेमाने आपण मुक्त होतो. क्लेअरव्होचा बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला, आणि सांसच्या धर्मसभेत त्याचा निषेध झाला. तरी 'फक्त उदाहरण' असं अबेलार्डचं म्हणणं होतं हे पूर्ण खरं नाही. ख्रिस्ताने आपल्या पापांचा भार वाहिल्याचं तोही लिहितो.

मराठीत हा सूर कसा वाजतो ते ऐकायचं असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे जावं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ख्रिस्ताला अभंगाच्या घाटात गायलं, आणि ती पदं 'उपासना संगीता'तून आपल्या मंडळ्या आजही गातात. तिथे क्रूस हा आधी पाहायचा, पाहून विरघळायचा, मग समजून घ्यायचा विषय आहे. ख्रिस्ताला गुरू, माउली म्हणून हाक मारणारी ही भक्ती उपऱ्या सिद्धांतांपेक्षा आपल्या मातीत सहज रुजली.

पण नुसतं उदाहरण पुरत नाही, असं मला वाटतं. बुडणाऱ्यासाठी कोणी पाण्यात उडी घेतली तर ते प्रेम. किनाऱ्यावर सुखरूप बसलेल्याला प्रेम दाखवण्यासाठी कोणी पाण्यात उडी घेऊन जीव दिला, तर त्याला प्रेम म्हणता येत नाही. ख्रिस्ताच्या मरणाने खरोखर काही घडलं असेल, तरच ते प्रेम दिसतं.

ऑर्थोडॉक्स मंडळ्या काय म्हणतात?

त्यांच्याकडे न्यायालयाची भाषा कमी आणि दवाखान्याची जास्त. माणूस आजारी आहे, मरणाच्या तावडीत आहे, तारण म्हणजे बरं होणं आणि शेवटी देवाच्या जीवनात सहभागी होणं. दुसऱ्या पेत्राच्या पहिल्या अध्यायातला दैवी स्वभावाचे भागीदार होण्याचा उल्लेख ते मनापासून घेतात. आदामाचा अपराध जन्मतःच आपल्या नावावर येतो असं ते मानत नाहीत. आपल्याकडे येतं ते मरण आणि मोडकळलेली अवस्था. त्यांचं पुनरुत्थानाचं चित्र पाहावं: ख्रिस्त अधोलोकाची दारं तुडवून उभा आहे आणि आदाम-हव्वेला मनगटाला धरून कबरींतून बाहेर ओढतो आहे. ईस्टरच्या रात्री ते गातात की ख्रिस्ताने मरणानेच मरणाला तुडवलं. मुंबई-पुण्यातल्या मलंकर सिरियन मंडळ्यांत उपासनेला गेलात तर 'आमच्यासाठी क्रूसावर खिळलेल्या, आमच्यावर दया कर' ही प्राचीन हाक ऐकू येईल.

तारण विश्वासाने की कृतींनी? कॅथलिक लोक कृतींनी मानतात ना?

नाही, हा गैरसमज पुसायला हवा. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयीचा निर्णय दिला. त्यातला अगदी पहिला नियमच असा की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कृतींनी नीतिमान ठरू शकतो, असं म्हणणारा शापित असो. मतभेद त्याच्या पुढे आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रणेता मार्टिन लूथर याच्या मते देव पाप्याला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वामुळे नीतिमान *ठरवतो*, आणि तो केवळ विश्वासाने. चांगली कृत्यं हे त्याचं फळ. ट्रेंटच्या मते देव ठरवतो आणि *बनवतोही*, कृपा आत ओतली जाते, माणूस तिला साथ देतो, आणि त्या साथीलाही अर्थ आहे. एकीकडून इफिसकरांस २:८-९ पुढे केलं जातं, दुसरीकडून याकोब २:२४.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला चांगल्या कृत्यांसाठी सिद्ध करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटनाही त्यात आली. सगळे लुथरन सहमत झाले नाहीत, आणि सगळे प्रश्न मिटलेही नाहीत. पण ज्या वादावर युरोप दुभंगला, त्याच्या गाभ्यावर एवढं एकमत झालेलं असताना आपल्या गावात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना 'तारण न झालेले' म्हणतात, हे मला सहन होत नाही.

"तुझं तारण झालं आहे का?" असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्यावं?

विचारणाऱ्याच्या परंपरेत तारण हा एक ओळखता येणारा क्षण असतो. त्याची थोर साक्ष आपल्याच मातीतली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत शास्त्रांत मुरलेली, इंग्रज सिस्टरांशी त्रैक्यावर निर्भीड वाद घालणारी ही बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांसाठी आयुष्य झिजवते. तो अनुभव खोटा म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही.

पण सगळ्यांचं तसं घडत नाही. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक आजीला तारीख सांगता येणार नाही, आणि तिला ती सांगायची गरजही नाही. पौलच तीन काळ वापरतो: तारण झालेलं आहे (इफिसकरांस २:८), होत आहे (१ करिंथकरांस १:१८), होईल (रोमकरांस ५:९). तिन्ही म्हणून मोकळं व्हावं.

ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, की फक्त निवडलेल्यांसाठी?

हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) म्हटलं की ख्रिस्ताचं मरण साऱ्या जगाला पुरेल एवढं आहे, पण त्याचा परिणाम निवडलेल्यांपुरता. डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी, आणि पुढे मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली, म्हणाले की तो प्रत्येकासाठी मेला, नाकारणं माणसाच्या हाती आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सही सर्वांसाठीच म्हणतात. मी यात वेस्लीच्या बाजूला आहे.

चंगाई सभेत सांगतात, क्रूसावर आजारही वाहिले गेले, विश्वास असेल तर बरे व्हालच. खरं आहे का?

यशया ५३ मध्ये आजार आणि दुःखं वाहण्याचं आहे हे खरं. मत्तय ८:१७ ते वचन लावतो, पण येशू गालीलात लोकांना बरं करत होता त्या सेवेला. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हे मंडळीचं काम आहे. पण बरं झालं नाही म्हणून कर्करोगाने खंगलेल्या बाईला 'तुझा विश्वास कमी पडला' असं सांगणं हा तिच्यावर केलेला अत्याचार आहे. पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. औषधं बंद करायला सांगणाऱ्याचं कधीही ऐकू नका.

नवरा मारतो. मंडळीत सांगतात, हा तुझा क्रूस आहे, सोस.

नाही. हा क्रूस नव्हे, गुन्हा आहे, आणि तुम्ही सुरक्षित जागी जाणं हे देवाच्या इच्छेविरुद्ध नाही. येशू क्रूस उचलायला सांगतो तो त्याच्यामागे येण्यासाठी, कोणाच्या हिंसेला शरण जाण्यासाठी नव्हे. नासरेथमध्ये लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. क्रूसाची शिकवण दुबळ्यांना गप्प बसवायला वापरली गेली, हा स्त्रीवादी ईश्वरविज्ञानातला आक्षेप इतिहासाने खरा ठरवलेला आहे, आणि मंडळ्यांनी तो मान खाली घालून ऐकावा.

क्रूस पीडिताच्या बाजूने कसा बोलतो, हे विसाव्या शतकात अनेकांनी दाखवलं. युद्धकैदी म्हणून ख्रिस्ताकडे वळलेले जर्मन विचारवंत युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये लिहिलं की क्रूसावर देव स्वतः टाकून दिलेल्यांच्या वेदनेत उतरतो. आणि आपल्याकडचे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घालताना म्हटलं की क्रूसावरचा, तोडला गेलेला, झिडकारलेला येशू दलित आहे. वेशीबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसाला वेशीबाहेर मारला गेलेला ख्रिस्त समजावून सांगावा लागत नाही.

येशूला यहुद्यांनी मारलं ना?

रोमी अधिकाऱ्याने, रोमी शिक्षा देऊन मारलं. यरुशलेमच्या काही पुढाऱ्यांचा त्यात हात होता. येशू, मरिया आणि सारे प्रेषित यहुदीच होते. या एका आरोपावरून युरोपात शतकानुशतकं यहुद्यांची कत्तल झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केलं की हा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. मुलांच्या पॅशन नाटकात हे ध्यानात ठेवा.

माझी आई हिंदू होती, देवभोळी, कोणाचं वाईट न चिंतणारी. तिचं काय?

वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळं सांगतील. अनेक इव्हँजेलिकल म्हणतात की ख्रिस्तावर जाणीवपूर्वक विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला अनुसरून त्याची इच्छा पुरी करायला झटतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि तेही ख्रिस्ताच्याच कृपेने. शेवटी सगळेच वाचतील अशी आशा निस्साच्या ग्रेगरीसारख्यांनी उघड बोलून दाखवली. ओरिगेनच्या नावाने ओळखलं जाणारं त्या आशेचं रूप मात्र सहाव्या शतकात निषिद्ध ठरलं.

मी तुम्हाला एवढंच सांगेन: तुमच्या आईचा न्याय करायचा अधिकार कोणत्याही पाळकाला, फादरला किंवा मला दिलेला नाही. शेजारच्या खांबावरच्या गुन्हेगाराला येशूने नंदनवनाचं वचन दिलं, तेव्हा त्याला एकही सिद्धांत विचारला नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.

मुलगी वसईची कॅथलिक, मुलगा अहिल्यानगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतला. लग्नानंतर क्रूसाविषयीचा हा फरक घरात कुठे जाणवेल?

सर्वांत जास्त वेदीजवळ. कॅथलिक शिकवणीत मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, हे बलिदान आहे. ख्रिस्ताला पुन्हा मारणं नव्हे, एकदाच झालेलं तेच बलिदान तिथे उपस्थित होणं. सीएनआय ही १९७० मध्ये नागपूरला अनेक मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे तिच्यात अँग्लिकन वळणापासून बाप्टिस्ट वळणापर्यंत सगळं भेटतं. प्रभुभोजनाकडे कोणी स्मरण म्हणून, तर कोणी ख्रिस्ताची खरी उपस्थिती म्हणून पाहतो. कॅथलिक नियमानुसार एकमेकांच्या वेदीवर सहसा सहभाग घेता येत नाही, अपवाद मोजके आहेत. लग्नाच्या दिवशी वर किंवा वधू वेदीजवळून मागे वळते तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांना ते लागतं. मिश्र विवाहासाठी कॅथलिक बाजूला परवानगी घ्यावी लागते, आणि मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी तिला वचन द्यावं लागतं. म्हणून साखरपुड्याच्या आधीच दोघांनी मिळून फादरांना आणि पाळकसाहेबांना भेटावं, आणि मुलांचा बाप्तिस्मा कुठे, कधी, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावं.